कळा आणायच्या, तर शेजारी बसावं लागतं

‘सिस्टर, सकाळी गोळी ठेवली ना? मंग आजून काहून नाही झाली मोकळी?’

विदर्भातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात दुपारी चारनंतर लेबर रूमच्या दाराशी हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारी सासू असते, आई असते, कधी मागे उभा राहून चप्पल घासणारा नवरा असतो. मी बरीच वर्षं उपजिल्हा रुग्णालयात बाळंतपणं केली, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मुली बदलल्या, औषधं बदलली, हा प्रश्न तोच राहिला. औषध दिलं की कळ येते आणि कळ आली की मूल येतं, असं लोकांना वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईत कधी कधी तसं होतंही. पण पहिलटकरणीला औषधानं कळा आणायच्या, तर गोळी ठेवल्यापासून मूल हातात येईपर्यंत चोवीस तास जाणं यात काहीही बिघडलेलं नसतं. कधी त्याहून जास्त जातात. हे आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा धीर सुटतो. बाईचा सुटतो, नातेवाइकांचा सुटतो आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचाही.

मुळात कळा आणायच्याच कशाला? मूल आपल्या वेळेला येईलच की, असं म्हणणारी एक आजी प्रत्येक घरात असते आणि बहुतेक वेळा ती बरोबर असते. पण काही वेळा पोटात राहणं बाळाला किंवा आईला महाग पडणार असतं. आईचा बीपी वाढलेला असतो, लघवीतून प्रोटीन जात असतं. शुगर आटोक्यात नसते. पाणमोट फुटून पाणी जायला लागलेलं असतं आणि कळांचा पत्ता नसतो. अशा वेळी जसजसा वेळ जातो तसतसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बाळाची वाढ थांबलेली असते. नाहीतर दिवस उलटून गेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४१ आठवडे पूर्ण झाले आणि कळा नाहीत, तर त्या सुरू करून द्याव्यात. त्यानंतर वारेची ताकद कमी व्हायला लागते, आणि पोटातल्या पोटात मूल जाण्याची शक्यता, लहान असली तरी, चढू लागते.

पण ४१ आठवडे कधीपासून मोजायचे? पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो. पाळीची तारीख मात्र ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ किंवा ‘लग्नातून परत आलो तेव्हा’ अशी सांगितली जाते. मी पोळ्याची तारीख कॅलेंडरात शोधून लिहिलेली आहे. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी याहून पुष्कळ खरं बोलते. नवव्या महिन्यातली सोनोग्राफी दिवस ठरवायला फारशी उपयोगाची नाही, तेव्हा मुलं आपापल्या अंगकाठीप्रमाणे लहानमोठी झालेली असतात. तारीख चुकली, तर ३७ आठवड्यांचं मूल ४१चं समजून बाहेर काढलं जातं आणि श्वासाला त्रास होऊन काचेच्या पेटीत जातं. म्हणून मुलींना मी सांगते, कळा आणायच्या केसमध्ये बीपी बघण्याआधी पहिली सोनोग्राफी मागा.

नैसर्गिक कळा नेमक्या कशानं सुरू होतात, हे माणसाच्या बाबतीत अजून पूर्ण उलगडलेलं नाही. मेंढीच्या बाबतीत उलगडलं आहे. न्यूझीलंडच्या माँट लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात दाखवलं, की कोकराच्या मेंदूतली पियुषिका ग्रंथी काम करेनाशी झाली की मेंढी वितच नाही, आणि पोटातल्या कोकराला कॉर्टिसॉल दिलं की ती दिवसांआधी विते. म्हणजे निघायची वेळ झाल्याचं कोकरूच आईला कळवतं. बाईच्या शरीरात व्यवहार इतका सरळ नाही. त्यामुळे आपण औषधानं जे करतो, ते त्या सगळ्या व्यवहाराच्या शेवटच्या एक-दोन पायऱ्या ओढून आणणं आहे. आधीच्या पायऱ्या झालेल्या असतील तर सोपं जातं, नसतील तर घाम फुटतो.

झाल्या आहेत की नाहीत, ते बोटांना कळतं. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की घट्ट, मागे वळलेलं आहे की पुढे आलंय, आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय, या पाच गोष्टी. अमेरिकेतले एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली त्यांना गुण द्यायची पद्धत काढली, एकूण गुण १३. सहापर्यंत गुण असतील तर तोंड कच्चं समजायचं. नव्या मुलींना घट्ट आणि मऊ यातला फरक सांगताना मी त्यांचंच बोट त्यांच्या नाकाच्या शेंड्याला लावायला सांगते, मग ओठाला. नाकासारखं लागलं तर अजून पुष्कळ काम बाकी आहे, ओठासारखं लागलं तर तयारी झाली. दहा मुली एकदम स्वतःचं नाक दाबून बघतायत, हे दृश्य बाहेरून जाणाऱ्याला विचित्र दिसतं खरं. (ज्यांचं तोंड वेळेआधीच उघडतं अशा बायकांसाठी ते शिवून बंद ठेवायचा टाका जगभर घातला जातो, तो गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांच्या नावानं ओळखला जातो. उघडण्याच्या शास्त्रात आपलं तसं मोठं नाव नाही, पण नागपूरचा वाटा आहे. तो पुढे सांगते.)

कच्चं तोंड पिकवायला तीन साधनं आपल्याकडे दिसतात. पहिलं जेल. प्रोस्टाग्लॅन्डिन नावाचं द्रव्य त्यात असतं, ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि वीज जाणाऱ्या गावात तेच अवघड. शिवाय महाग. दुसरं मिसोप्रोस्टॉलची गोळी. ही गोळी निघाली पोटातल्या अल्सरसाठी. तिनं गर्भपिशवी आकसते म्हणून गरोदर बाईनं ती घेऊ नये, अशी सूचना वेष्टणावर असायची, आणि हाच दुष्परिणाम पुढे उपयोगाचा ठरला. स्वस्त आहे, साध्या कपाटात टिकते. अडचण एवढीच की अल्सरची गोळी २०० मायक्रोग्रॅमची आणि कळांसाठी लागणारा डोस २५चा. बरीच वर्षं ठिकठिकाणी ब्लेडनं गोळीचे आठ तुकडे व्हायचे. आठही सारखे पडतील अशी गोळी मी पाहिलेली नाही. आता २५ मायक्रोग्रॅमची गोळी मिळते, ती असताना ब्लेड काढणाऱ्याला मी लेबर रूममध्ये उभं करणार नाही.

तिसरं साधन पाहून नातेवाईक चक्रावतात. ‘लघवीची नळी तिथं कशाला?’ फोलीची नळी मूळची लघवीसाठीचीच. तिच्या टोकाला फुगा असतो. तो गर्भपिशवीच्या तोंडातून आत सरकवून पाण्यानं फुगवतात, तो आतून तोंडावर दाब देत राहतो आणि तोंड हळूहळू उघडलं की आपोआप निसटून बाहेर येतो. औषध नाही, त्यामुळे कळांचा अतिरेक होण्याची भीती अगदी कमी.

गोळी बरी की फुगा, याचं एक महत्त्वाचं उत्तर नागपुरात मिळालं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय, या दोन सरकारी रुग्णालयांत २०१३ ते २०१५ या काळात बीपी वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर अभ्यास झाला. निम्म्या बायकांना २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी गिळायला दिली, निम्म्यांना फुगा. गोळीवाल्यांपैकी ५७ टक्के चोवीस तासांच्या आत योनिमार्गे बाळंत झाल्या, फुगेवाल्यांपैकी ४७ टक्के. कळांचा अतिरेक दोन्हींत क्वचितच. डॉ. शुचिता मुंडले आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. डागा म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्त्यांतल्या बायका जिथं जातात ते हॉस्पिटल. तिथल्या गर्दीत हे झालं याचं मला जास्त अप्रूप. आणि आकडे उलट्या बाजूनंही वाचा. चांगल्या पद्धतीनं, लक्ष ठेवून गोळी दिली, तरी शंभरातल्या त्रेचाळीस बायका चोवीस तासांत तशा मोकळ्या झालेल्या नव्हत्या. दारातल्या सासूबाईंना द्यायचं उत्तर हेच.

तोंड पिकलं की पुढचं काम पाणमोट फोडणं आणि सलाईनमधून ऑक्सिटोसिन. पाणमोट फोडताना डोकं खाली बसलेलं हवं, नाहीतर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरते आणि मग मिनिटांची लढाई होते.

ऑक्सिटोसिनवर मात्र मला थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त गैरवापर याचा होतो. १९०६ साली हेन्री डेल यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क गर्भपिशवी आकसवतो हे दाखवलं, आणि काही वर्षांतच डॉक्टर तो अर्क बायकांना टोचू लागले. एकदा टोचला की परत काढता येत नाही. कुणाची कळ सुटेचना, कुणाची पिशवी फाटली. १९४८ साली ब्रिटनमधल्या थिओबाल्ड यांनी तो थेंबाथेंबानं शिरेतून द्यायला सुरुवात केली, आणि खरी सुरक्षितता तिथून आली. पुढे व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू १९५३ साली प्रयोगशाळेत बनवला, १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिरेतून दिलेल्या ऑक्सिटोसिनचा जोर सलाईन बंद केल्यावर काही मिनिटांत ओसरतो. औषधाची सगळी किल्ली या काही मिनिटांत आहे. म्हणून ते थेंब मोजून सुरू करायचं, अर्ध्या तासानं बघून वाढवायचं, आणि बिघडलं की चाक फिरवून बंद करायचं.

आणि तरीही अजून गावोगाव ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ दंडात किंवा कमरेत टोचून बाई आमच्याकडे पाठवली जाते. कुणी टोचलं ते कागदावर नसतं. टोचणाऱ्याचं नाव बाई सांगत नाही, कारण उद्या तापाला त्याच्याकडेच जायचं असतं. मूल झाल्यावर रक्तस्राव थांबवायला हेच औषध स्नायूत टोचतात आणि ते जीव वाचवतं. मूल पोटात असताना टोचणं म्हणजे शंभर वर्षं मागे जाणं.

हेच औषध गोठ्यातही असतं. म्हशीला पान्हवायचं इंजेक्शन म्हणतात ते हेच. त्याला आळा घालायला केंद्र सरकारनं २०१८ साली खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली आणि एकाच सरकारी कंपनीवर काम सोपवलं. डॉक्टरांच्या पोटात गोळा आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायचं औषध एकाच ठिकाणाहून येणार आणि ते कमी पडलं तर? त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. म्हशी वाचाव्यात असं मलाही वाटतं, पण बाईच्या जिवावर नको.

आता कळा आणताना नर्स काय करते ते सांगते. कळ आली की गर्भपिशवी आवळते, वारेकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं अडतं आणि बाळाला मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. कळ गेली की पुन्हा मिळतो. म्हणजे बाळाचा गुजारा दोन कळांमधल्या सैल वेळेवर चाललेला असतो. कळा किती जोरात आहेत याकडे सगळ्यांचं लक्ष, मला शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, तू मधला वेळ बघ. पोटावर सपाट हात ठेवायचा, दुसऱ्या हातात घड्याळ. दहा मिनिटांत तीन-चार कळा हव्यात. सरासरी पाचच्या वर जायला लागल्या की सलाईन बंद, बाई डाव्या कुशीवर, डॉक्टरांना हाक. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०, तेही कळ ओसरल्या ओसरल्या ऐकायचे, कारण दमलेलं बाळ तेव्हाच कळतं. मशीन असेल तर उत्तम, पण मशीनच्या कागदाकडे बघायलाही माणूस लागतो. एका सिस्टरकडे चार टेबलं आणि त्यातल्या तिघींना सलाईन, अशा रात्री मी काढल्या आहेत. त्या रात्री औषध कुठलं होतं हा प्रश्न दुय्यम होता.

कळा आणल्या की सीझर वाढतं, असं आम्हीही शिकलो होतो. ते मानण्यात हिशोबाची एक गफलत होती. कळा आणलेल्या बायकांची तुलना त्याच दिवशी आपोआप कळा सुरू झालेल्या बायकांशी व्हायची. पण त्या दिवशी बाईपुढे असलेला पर्याय ‘आपोआप कळा’ हा नसतोच, ‘थांबून बघणं’ हा असतो, आणि थांबलेल्यांत पुढे कुणाचा बीपी चढतो, कुणाचं पाणी कमी होतं. योग्य तुलना केली की चित्र बदलतं. कॅनडात १९९२ साली ३,४०७ बायकांच्या अभ्यासात दिवस उलटल्यावर कळा आणलेल्यांत सीझर २१.२ टक्के, थांबलेल्यांत २४.५. अमेरिकेत २०१८ साली निरोगी ६,१०६ पहिलटकरणींचा ‘अराइव्ह’ नावाचा अभ्यास आला. ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सीझर १८.६ टक्के, वाट बघितलेल्यांत २२.२. बीपीचा त्रासही पहिल्या गटात कमी, ९.१ टक्के, दुसऱ्यात १४.१. स्वीडनमध्ये ४१ आठवड्यांना कळा आणायच्या की ४२पर्यंत थांबायचं, हे २,७६० बायकांत बघत होते. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्यात एकही नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. अशा अनेक अभ्यासांची २०२० साली एकत्र मोजणी झाली तेव्हा एक बाळ वाचवायला साधारण ५४४ बायकांच्या कळा आणाव्या लागतात असा हिशोब निघाला. तुम्ही त्या ५४४मधल्या असाल तर हा आकडा मोठा वाटेल, त्या एका बाळाच्या घरात तो वाटणार नाही.

या आकड्यांवरून ‘मग ३९ आठवडे झाले की सरसकट सगळ्यांच्या कळा आणा’ असं म्हणणारे खासगी दवाखाने मला माहीत आहेत. मला ते पटत नाही. ‘अराइव्ह’मध्ये डॉक्टरांना सांगितलेलं होतं, की तोंड पिकवून झाल्यावर, पाणमोट फोडून सलाईन सुरू केल्यावर, आई आणि बाळ ठीक असतील तर निदान बारा तास थांबा आणि मगच ‘कळांना यश नाही’ म्हणा. ते बारा तास आपल्याकडे कोण देतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरनं झाली, सरकारीत १४.३. याचं सगळं खापर कळा आणण्यावर फोडता येणार नाही, त्याला पैसा आहे, भीती आहे, सरकारी दवाखान्यात सर्जन नसणंही आहे. पण सकाळी सहाला गोळी, दुपारी दोनला ‘प्रोग्रेस नाही’ आणि चारला सीझर, या वेळापत्रकात अमेरिकेतला आकडा येणार नाही. तो आकडा गोळीसोबत मिळत नाही, बारा तास बसणाऱ्या माणसासोबत मिळतो.

मुहूर्ताचं तर विचारूच नका. ‘परवा अमावस्या आहे मॅडम, आज-उद्या करून टाका.’ दसऱ्याला, पाडव्याला हीच विनंती उलट्या बाजूनं. कच्च्या तोंडाला पंचांग कळत नाही. डॉक्टरांचा रविवार आणि लग्नाचं रिसेप्शन हेही एक प्रकारचं पंचांगच, त्यावर कुणी हसत नाही एवढंच.

आणि एरंडेल. नवव्या महिन्यात दुधातून एरंडेल देऊन बाईला दाराशी आणतात. कळा येतात की नाही देव जाणे, जुलाब नक्की येतात, आणि मग आधीच गळालेली बाई चोवीस तासांच्या कामाला लागते. त्यापेक्षा डॉक्टरांनी तपासताना बोट फिरवून पाणमोटीचा पडदा सुटा करणं कितीतरी बरं. दुखतं, थोडं रक्त जातं, पण त्यानं पुढे औषधाची गरज कमी पडते.

बाईला काय भोगावं लागतं हेही सांगायला हवं. औषधानं आणलेल्या कळा आपल्या आपण चढत जाणाऱ्या कळांपेक्षा लवकर जोर धरतात. गोळीनं काहींना हुडहुडी भरते, ताप चढतो. सलाईन लांबली तर बाळंतपणानंतर पिशवी थकून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, म्हणून मूल झाल्यावर आमचं काम संपत नाही, पोटावरचा हात तिथंच राहतो. पाठीत सुई देऊन वेदना कमी करायची सोय जिल्ह्याच्या गावातही क्वचित. आणि सीझर लागलंच तर म्हणून कितीतरी ठिकाणी बाईला सकाळपासून उपाशी ठेवतात. कळा नीट सुरू व्हायच्या आधी तिला खाऊ द्या, पेज द्या, चहा द्या, फिरू द्या. सोबत तिचं माणूस असू द्या. सरकारी नियमांत आता बाळंतपणाच्या वेळी सोबतीण चालते. बाहेर उभी असलेली आई आत येऊन बसली की दारातला तो प्रश्नही बंद होतो, कारण तिला स्वतःलाच दिसतं काय चाललंय.

एक शेवटची गोष्ट, ती मी ओपीडीत प्रत्येकीला सांगते. पहिलं सीझर झालेलं असेल तर जुन्या टाक्यावर मिसोप्रोस्टॉलची गोळी चालत नाही, पिशवी फाटण्याचा धोका फार. फुग्याचा विचार होऊ शकतो, तोही जिथं ताबडतोब ऑपरेशन करता येईल अशाच ठिकाणी. टाका आडवा होता की उभा, हे पोटावरच्या व्रणावरून कळत नाही. बाहेरचा व्रण एक असतो, आतला दुसरा असू शकतो. ते फक्त मागच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. तेव्हा माहेरी, कपाटात, गादीखाली जिथं असेल तिथून ते कार्ड सातव्या महिन्यातच शोधून ठेवा, आणि येताना घेऊन या.